सहा मीटरची गल्ली

डोंबिवली पूर्वेला स्टेशनातून बाहेर पडून रामनगर किंवा टिळकनगरच्या बाजूला चालत निघालं, की मोठ्या रस्त्याला दोन्ही अंगांनी गल्ल्या फुटत जातात. तळमजला अधिक तीन मजले, लिफ्ट नाही, कुंपणाला लागून जास्वंद, फाटकात आडव्यातिडव्या स्कूटर, मधेच एखादी भाडेकरूंची चाळ. आता यांतल्या बऱ्याच गल्ल्यांत एखाद्या इमारतीभोवती हिरवी जाळी आणि पत्रे दिसतात. पत्र्यांवर होऊ घातलेल्या टॉवरचं रंगीत चित्र असतं. चित्रातला रस्ता रुंद असतो, त्यावर एकच मोटार असते आणि ती चालत असते.

जाळी न लागलेल्या इमारतींत सध्या सभा चालू आहेत. पुढचं बोलणं कुठल्या एका सभेच्या इतिवृत्तातलं नाही. कल्याण-डोंबिवलीत आणि ठाण्यात पुनर्विकासावरून जे दोन सूर निघतात, ते इथे दोन शेजाऱ्यांच्या तोंडी दिले आहेत. तिसऱ्या मजल्यावरचे काका रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, वय बहात्तर. तळमजल्यावरची मुलगी (मुलगी म्हणायचं, पण तिची लेक दुसरीत आहे) ऐरोलीला नोकरी करते. गृहकर्जाचे हप्ते अजून चालू आहेत आणि हाती येईल तो कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची तिला खोड आहे. नवी इमारत हवी आहे ती काकांना. नको म्हणतेय ती ही.

"तुझं घर तळमजल्यावर," काकांनी सुरुवातच तिथून केली. "जिना म्हणजे काय ते तुला ठाऊक नाही. तुझी काकू पाडव्याच्या शोभायात्रेला खाली उतरली, त्यानंतर एकदम डॉक्टरकडे जायला. १९९९ साली डोंबिवलीत पहिली शोभायात्रा निघाली ना, तेव्हा हीच बाई नऊवारी नेसून सगळी वाट चालली होती."

"काकूंच्या लिफ्टला मी कधी नाही म्हटलंय?"

"बाहेरून लिफ्ट लावायला जागा दाखव. आणि ज्या खांबांच्या आधारानं ती उभी करायची, ते खांब बघितलेस का? जिन्याखालच्या खांबाची लोखंडं उघडी पडलीत. इमारत १९८३ची आहे, महापालिका झाली त्याच सालची. दोघींनाही डागडुजी पुरत नाही."

सभेत हशा झाला. पण काकांच्या म्हणण्याला कायद्याचाही आधार आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातल्या कलम २६५-अ प्रमाणे ३० वर्षं उलटलेल्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करून तिचा दाखला महापालिकेला द्यावा लागतो. पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक इमारतींच्या याद्या निघतात, नोटिसा लागतात. डोंबिवलीकराला त्या नोटिशीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. २८ जुलै २०१५च्या रात्री ठाकुर्लीची मातृकृपा इमारत पडली आणि ९ माणसं गेली. आठवडा सरतो न सरतो तोच ४ ऑगस्टला, लोक झोपेत असताना, ठाण्यात नौपाड्याच्या बी-केबिन भागातली कृष्णा निवास कोसळली आणि १२ जण गेले. त्या पंधरवड्यात या दोन शहरांतल्या किती घरांत माणसं पाऊस ऐकत जागी राहिली असतील, ते ज्याचं त्याला ठाऊक.

"ती भीती मलाही आहे, काका. पण पडायला इमारत जुनीच लागते असं कुठे आहे? शिळफाट्याची लकी कंपाउंडमधली इमारत आठवते? ४ एप्रिल २०१३. तिचं तर बांधकामच चालू होतं. ७४ माणसं गेली. आणि मे २०२५ मध्ये कल्याण पूर्वेला सप्तशृंगी इमारतीत वर फरशीचं काम काढलं, तर स्लॅब तळापर्यंत आला. सहा जण गेले. म्हणून विचारते, आपल्या इमारतीचं ऑडिट कोणी केलं आणि त्यात काय आलं? सी-१ की सी-२?"

सेक्रेटरींनी फाइल चाळल्यासारखं केलं.

हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायचीच. सी-२ मध्ये दोन पोटप्रकार येतात. एकात माणसं बाहेर काढून दुरुस्ती करायची, दुसऱ्यात राहत्या घरीच. सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. पुनर्विकासाची भाषा सुरू झाली, की सगळ्या इमारती आपोआप सी-१ वाटू लागतात. पाडायचं ठरल्यावर ऑडिट मागवणं आणि ऑडिट वाचून पाडायचं ठरवणं यांत फरक आहे, आणि तो फरक बहुतेक सभांमध्ये कोणी विचारत नाही. या बाबतीत तळमजल्यावरचं डोकं जागेवर आहे, असं म्हणायला हवं.

"काहीही येऊ दे गं," काका म्हणाले. "एक्कावन्न टक्के सभासद हो म्हणाले की विषय संपला."

विषय इतक्या लवकर संपत नाही, पण आकडा बरोबर आहे. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९-अ खाली ४ जुलै २०१९ रोजी शासनानं जे निर्देश काढले, त्यांत पुनर्विकासासाठी एकूण सभासदांच्या ५१ टक्के संमती पुरेशी धरली आहे. त्याबरोबर आणखीही बरंच काही आहे. सभेला दोन तृतीयांश सभासदांची गणपूर्ती, सभेचं चित्रीकरण, विकासक निवडताना निबंधकांचा प्रतिनिधी हजर, विकासकाकडून प्रकल्पखर्चाच्या २० टक्के बँक हमी, काम दोन वर्षांत पुरं, फार तर तीन. कागदावर हे निर्देश चांगलेच कडक आहेत. सोसायट्यांच्या सभांतून मात्र त्यातला एक्कावन्नचा आकडा तोंडपाठ असतो आणि बँक हमीचं कलम कोणाला आठवत नाही.

"संपला म्हणजे आपल्यापुरता संपला," ती म्हणाली. "आपण सोळा घरं. सोळांतली नऊ हो म्हणाली, झालं. ही नऊ घरं ठरवणार की गल्लीत पंचावन्न-साठ घरं उभी राहायची. त्यांच्या गाड्या, त्यांचं पाणी, त्यांचा कचरा. त्या बाबतीत गल्लीत कोणी कोणाला विचारलं?"

"आपल्या जागेवर आपण बांधतोय. गल्लीला कशाला विचारायचं?"

खरा वाद इथे आहे. बाकीचं सगळं, म्हणजे जादा कार्पेट किती, कॉर्पस किती, बाहेर राहायचं भाडं महिन्याला किती, हे घासाघिशीचं काम आहे आणि ते कोणीतरी करतंच.

तिनं मग दुसरा मुद्दा काढला. डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारतींचा. महापालिकेच्या बनावट परवानग्या जोडून या इमारतींनी महारेराची नोंदणी मिळवली, लोकांनी नोंदणी क्रमांक पाहून कर्जं काढली, घरं घेतली. एका वास्तुविशारदानं प्रकरण न्यायालयात नेलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं या इमारती पाडण्याचे आदेश दिले. हजारो कुटुंबांच्या पायाखालची जमीन सरकली. त्यांच्यातल्या अनेकांनी कागद तपासलेही होते, पण तपासायला जो कागद हाती आला तोच खोटा होता.

"आपला बिल्डर तसा नाही," काका म्हणाले.

"त्या लोकांनाही तसंच वाटलं होतं. मी बिल्डर चोर आहे असं म्हणत नाही. मी एवढंच म्हणते की महारेराचा नंबर बघून थांबायचं नाही. बांधकाम परवानगी महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन पडताळायची. हे काम दोघा सभासदांवर सोपवा आणि तसा ठराव करा."

ठराव झाला. सभेतला एकमेव एकमताचा ठराव.

मग गल्लीची रुंदी निघाली, आणि सभेचा नूर पालटला.

डिसेंबर २०२० पासून मुंबई वगळता जवळपास सगळ्या महाराष्ट्राला लागू झालेली एकत्रित विकास नियंत्रण नियमावली, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात, ती बांधकामाचं प्रमाण समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरवते. जुना दाट गावठाण भाग सोडला, तर ठाणे किंवा कल्याण-डोंबिवलीसारख्या शहरात मूळ एफएसआय (चटईक्षेत्र निर्देशांक) १.१०. समोरचा रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल, तर गाडी तिथेच अडते, कारण पैसे भरून घ्यायचा प्रीमियम एफएसआयही नाही आणि टीडीआरही (हस्तांतरणीय विकास हक्क) नाही. रस्ता ९ मीटरचा झाला, की ०.५० प्रीमियम आणि ०.४० टीडीआर मिळून आकडा २.०० वर जातो. पुढे रस्ता जसा रुंद, तसा आकडा चढत ३ पर्यंत जातो. जुन्या इमारतींसाठीच्या सवलती धरल्या तरी सहा मीटरच्या गल्लीत बिल्डरचं गणित बसणं कठीण. डोंबिवलीतल्या आणि नौपाड्यातल्या असंख्य गल्ल्या सहा मीटरच्याच आहेत, कारण त्या आखल्या तेव्हा गल्लीतून सायकल, टांगा आणि गॅसच्या सिलिंडरची गाडी यापलीकडे काही जायचं नव्हतं.

"म्हणून दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर सोडायचं," काका म्हणाले. "सहा अधिक तीन, नऊ. एवढं सोपं आहे. माझी बहीण नौपाड्यात राहते, तिच्याकडे हेच चाललंय किती वर्षं. कलम २१० खाली महापालिका रस्त्याची रेषा आखून देते, इमारत नव्यानं बांधताना त्या रेषेच्या मागे सरकायचं."

"दोन्ही बाजूंनी म्हणता, पण दुसरी बाजू कोणाची? समोर चाळ आहे. तिच्या शेजारची इमारत पंधरा वर्षांपूर्वीची, ती आणखी तीस वर्षं हलणार नाही. आपण दीड मीटर सोडू, त्या सोडणार नाहीत. मग गल्ली आपल्या फाटकासमोर साडेसात मीटरची आणि पुढे-मागे सहाचीच. करवतीच्या दातांसारखी. अग्निशमनची गाडी आपल्या फाटकापर्यंत वळेल, पण मुळात गल्लीत शिरायची कशी?"

"ठाण्यात टी. चंद्रशेखर आयुक्त होते तेव्हा स्टेशन रोड कसा झाला? नव्वदच्या दशकात लोक म्हणत होते, दुकानं तोडली, शहर बुडालं. आज त्याच माणसाचं नाव घेतात. पत्री पुलाचं घे. १९१४चा पूल, ऑगस्ट २०१८ला बंद केला, जानेवारी २०२१ला नवा उघडला. अडीच वर्षं कल्याणनं शिव्या घातल्या. कोपर पूल दोन वर्षं बंद होता, २०२१ मध्ये उघडला. आता कोणाला आठवतंय? त्रास सोसल्याशिवाय काही होत नाही."

"चंद्रशेखरांनी अख्खा रस्ता रुंद केला, काका. एका दुकानापुढचा नाही. आणि पत्री पूल रस्ते विकास महामंडळानं बांधला. उशीर झाला तेव्हा कोणाच्या दारात जाऊन ओरडायचं ते लोकांना माहीत होतं. आपली गल्ली रुंद होणार की नाही हे पुढची वीस वर्षं कोणी ठरवणारच नाहीये. ज्याची इमारत पडायला येईल, तो आपल्यापुरता सरकेल."

काकांनी दिलेली उदाहरणं मुलीच्या बाजूची निघाली, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. ते थोडे गप्प झाले आणि मग त्यांनी मेट्रो काढली. वाद हरू लागला की ठाणे जिल्ह्यात हल्ली मेट्रो निघते. कल्याण-तळोजा मेट्रो १२ चं भूमिपूजन मार्च २०२४ मध्ये झालं, वीसेक किलोमीटरची मार्गिका, भाव कुठल्या कुठे जातील, वगैरे. ती मार्गिका एमआयडीसी, मानपाडा आणि कल्याण-शीळ रस्त्याच्या अंगानं जाणार आहे. सहा मीटरच्या गल्लीतून तिथपर्यंत पोहोचायला रिक्षाच लागणार, आणि रिक्षा हा डोंबिवलीत स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

सभा इमारतीच्या पुढच्या अंगणात भरली होती. कुंपणापलीकडून, समोरच्या चाळीच्या ओट्यावरून एक आजी हे सगळं ऐकत होत्या. त्यांनी तिथूनच विचारलं, "भाऊ, ते दीड मीटर म्हणजे आमचा ओटा जाणार का वो?"

काकांना उत्तर सुचेना. मुलगी म्हणाली, "आत्ता नाही, आजी. तुमची चाळ पाडतील तेव्हा."

"ती आमचा मालक कधी पाडतोय त्याचीच वाट बघतोय, बाय. चाळीस वर्षांत एक खिळा ठोकला नाय. पावसाळ्यात पत्र्यावर आमीच ताडपत्री टाकायची. दोन वर्षांपूर्वी नोटीस आली म्हापालिकेची, धोकादायक आहे, रिकामी करा. रिकामी करून जायचं कुठं? नि गेल्यावर परत आत घेईल कोण?"

डोंबिवली-ठाण्याच्या या वादातला सर्वांत कमी ऐकला जाणारा आवाज हा आहे. सोसायटीच्या सभासदाकडे भागपत्र असतं, मत असतं, एक्कावन्न टक्क्यांत त्याची मोजदाद होते. पागडीच्या किंवा जुन्या भाड्याच्या खोलीतल्या माणसाकडे भाड्याची पावती असते, तीही मालकानं भाडं घेणं बंद केलं नसेल तर. अनेक धोकादायक इमारती रिकाम्या होत नाहीत, त्याचं कारण लोकांचा आडमुठेपणा असं महापालिकेचे अधिकारी सांगतात. आडमुठेपणा कसला, हक्क जाण्याची साधी भीती आहे. वास्तविक इमारत पडली किंवा पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्येच दिलेला आहे. इमारत रिकामी करताना कोणाच्या ताब्यात किती जागा होती याची मोजणी करून महापालिकेकडून दाखला घेऊन ठेवला, तर पुढे भांडायला हातात काहीतरी राहतं. हे आजींना कोणी सांगितलेलं नव्हतं. मुलीनं सांगितलं. आजींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि तो कागद देतो कोण? मालकाला विचारून देतात का?"

"नाही, आजी. तुम्ही अर्ज करायचा."

"बरं. मग लिहून दे मला."

काका एव्हाना अस्वस्थ झाले होते. "आपण आपल्या विषयावर येऊ या. चाळीचा प्रश्न वेगळा."

"वेगळा कसा? नळ कोणता आहे आपला? चाळीला येतं त्याच लाइनीतून आपल्याला पाणी येतं. आत्ता मोटर लावल्याशिवाय तिसऱ्या मजल्यावर चढत नाही. साठ घरं झाल्यावर मोटर मोठी येईल, आणि मग आजींच्या नळाला काय येणार?"

या मुद्द्यावर काकांकडे खरोखरच उत्तर नव्हतं, आणि महापालिकेकडेही असतं असं नाही. इतिहासच तसा आहे. १३ एप्रिल २०१५ला मुंबई उच्च न्यायालयानं कल्याण-डोंबिवलीत नव्या बांधकामांना परवानगी द्यायला मनाई केली. कारण काय, तर कचरा. आधारवाडीच्या डोंगरावर कचरा ओतत राहायचं आणि शास्त्रीय विल्हेवाट लावायची नाही, हे नियमांत बसत नव्हतं. जवळपास वर्षभर मनाई टिकली. आधारवाडी बंद व्हायला त्यानंतर २०२१ उजाडलं. तिकडे ठाण्यात मे २०१७ मध्ये त्याच न्यायालयानं घोडबंदर रस्त्यावरच्या नव्या बांधकामांच्या परवानग्या रोखल्या, कारण आधीच राहायला आलेल्यांना पाणी पुरत नव्हतं. दोन्ही मनाया नंतर उठल्या. दोन्हींतून दिसलं ते एकच. परवानगी प्लॉटगणिक दिली जाते. पाणी, गटार, कचरा आणि रस्ता यांची बेरीज कोणाच्याच टेबलावर होत नाही, आणि झाली तर न्यायाधीशांच्या टेबलावर, तीही कोणी याचिका केली म्हणून.

बेरीज करायची सोय नाही असं मात्र म्हणता येत नाही. ठाण्याची क्लस्टर योजना त्यासाठीच जन्माला आली. शिळफाट्याच्या दुर्घटनेनंतर मागणीला जोर आला, बरीच वर्षं न्यायालय आणि मंत्रालयात गेली आणि २०१७ मध्ये योजनेला रूप आलं. किमान १०,००० चौरस मीटरचा पट्टा एकत्र घ्यायचा, चारपर्यंत एफएसआय द्यायचा, आणि इमारतींबरोबर रस्ते, उद्यान, शाळा, नळ सगळं नव्यानं आखायचं. किसननगर, राबोडी, हाजुरी, कोपरी अशा वस्त्या पहिल्या टप्प्यात धरल्या. किसननगरला सिडकोच्या मदतीनं काम काढून जून २०२३ मध्ये भूमिपूजन झालं. कल्पना म्हणून यात खोट काढणं अवघड आहे.

"मग क्लस्टरच करा म्हणावं," काका थोडं चिडून म्हणाले. "माझ्या बहिणीच्या इमारतीत क्लस्टरचं नाव काढलं तरी लोक उठून जातात. अधिकृत इमारत, स्वतःची जमीन, सगळा टॅक्स भरलेला. ती जमीन कुठल्या तरी मोठ्या नकाशात टाकायची आणि दहा-पंधरा वर्षं वाट बघायची? कोळीवाड्यांनी आणि गावठाणांनी तर आधीच हात जोडले. हे तू त्यांना सांग."

"मी क्लस्टर नाही म्हणत. मी गल्ली म्हणते. दोन्ही बाजूंच्या मिळून आठ इमारती आणि एक चाळ. आठ सोसायट्यांचे सेक्रेटरी आणि चाळीतले दोघे एका टेबलाशी बसले, तर कोण कधी पाडणार, कोण किती सोडणार, पाण्याची लाइन कोणाच्या पैशांनी मोठी करायची, हे ठरेल. पटलं नाही तर पटलं नाही. पण विचारलं तरी जाईल."

क्लस्टर फार मोठं आणि सोसायटी फार लहान, असा पेच आहे. मधलं माप गल्लीचं, आणि त्या मापाची सभा कायदा भरवत नाही. प्लॉट एकत्र करायला नियमावलीत वाव आहे, पण एकत्र यायला सांगणारं कोणी नाही. पूर्वी हे काम बरंवाईट नगरसेवक करत असे. निदान त्याच्या कार्यालयात दोन्ही बाजू समोरासमोर यायच्या. कल्याण-डोंबिवलीतल्या नगरसेवकांची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली, ठाण्यातल्यांची मार्च २०२२ मध्ये, आणि निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये. पुनर्विकासाची लाट नेमकी या मधल्या काळात चढली. यूडीसीपीआर आली, एफएसआय वाढला, बिल्डर दारोदार फिरू लागले, आणि शहराचा कारभार प्रशासकाकडे होता. सोसायट्यांना एकेकटं गाठायला याहून सोयीचा काळ मिळाला नसता. लेखकाला यात कोणाचा कट दिसत नाही. पण सोय दिसते.

"झालं तुझं बोलून?" काकांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. "तू म्हणतेस त्यातलं बरंचसं खरं आहे. माटुंग्याला आम्ही एक डबा दुरुस्त करायचो तेव्हाही अख्ख्या गाडीचा विचार करायचो, तेवढं मला कळतं. पण आठ सोसायट्या एका टेबलाला बसायला किती वर्षं? आपल्या एका सोसायटीला जिन्याचा बल्ब बदलायला दोन सभा लागल्या. मला बहात्तरावं चालू आहे. काकू सत्तरची. गल्ली सुधारायला बसलो, तर तिला लिफ्ट कधी मिळणार? तुझी पोरगी मोठी होईल तोवर गल्ली होईल गं. आम्ही नसू."

मुलीला यावर काही बोलता आलं नाही. या प्रश्नाला चांगलं उत्तर कोणाकडेच नाही. शहराचं नियोजन वीस वर्षांच्या मापानं चालतं आणि गुडघे तेवढी वाट बघत नाहीत.

थोड्या वेळानं तीच म्हणाली, "तोवर तळमजल्यावरची माझी एक खोली काकूंना देते. वरच्या घराशी अदलाबदल करू. वर्ष, दोन वर्षं, जितकी लागतील तितकी."

"आणि तुझा हप्ता चालू असलेलं घर मला देतेस?"

"खोली म्हटलं, काका. घर नाही."

पुन्हा हशा झाला, पण काकांनी नाही म्हटलं नाही. घरी विचारून सांगतो म्हणाले.

सेक्रेटरींनी इतिवृत्त वाचायला घेतलं. संरचनात्मक तपासणी स्वतंत्र सल्लागाराकडून करून घ्यायची. परवानग्या नगररचना विभागात पडताळायच्या. विकासकाच्या प्रस्तावावर निर्णय पुढच्या सभेत. "आणि गल्लीतल्या इतर सोसायट्यांना पत्र," मुलीनं आठवण केली. "एकत्र बसायचं म्हणून."

"लिहितो. सात सोसायट्यांना पत्र."

"आणि चाळीला."

सेक्रेटरींनी चष्म्यावरून पाहिलं. "चाळ नोंदणीकृत संस्था नाही. पत्र कोणाच्या नावानं काढू? मालकाच्या?"

"मालकाच्या नको," कुंपणापलीकडून आजी म्हणाल्या. "माज्या नावानं काढा. आणि तो अर्जाचा कागद बी त्यातच घाला."